बचाव फळीतला भिकू

आमच्या वाडीत एक माणूस उलटा चालतो. सारखा नाही. समोरून काही अंगावर येत असेल तेव्हाच. एसटी येऊ दे, म्हैस येऊ दे, नाहीतर भांडायला शेजारीण येऊ दे, भिकू तोंड तिच्याकडेच ठेवतो आणि पाय मागे टाकत, एकदाही मागे न बघता, आपल्या पायरीला जाऊन लागतो. गुडघे जरा वाकलेले, हात जरा पुढे. म्हशीला वाटतं हा आपल्याशी हुतुतू खेळतोय. ती आणखी जोरात येते. एकदा नव्या कंडक्टरने बस थांबवली आणि मला विचारलं, "ह्येका काय झाला हा?"

मी म्हटलं, "काय नाय. तो कॅनडात होतो."

"अस्सा," म्हणाला आणि घंटी मारली. त्याला तेवढं पुरलं.

भिकू इथलाच. माझ्या आणि त्याच्या घरांमध्ये दगडांचा एक गडगा आहे, आमच्या आज्यांनी रचलेला. त्याचा बाप बोटीवर भंडारी होता, सगळ्या खलाशांचं जेवण करायचा. बोट कॅनडाच्या कुठल्याशा बंदराला लागली, बापाला तिथे एका खानावळीत काम मिळालं, तो उतरला तो उतरलाच. मग बायकोला आणि भिकूला बोलावून घेतलं. आम्ही दोघे तेव्हा दुसरीत होतो. मी चौथीपर्यंत गेलो आणि होडीवर लागलो. भिकू बर्फावर लागला.

तो परत आला तेव्हा रिक्षातून आधी एक वाकड्या तोंडाची काठी उतरली, मग एक मोठी पिशवी, मग भिकू. भिकू उतरल्यावर रिक्षा वर आली. पुढचे दात नाहीत. नाक एका बाजूला गेलेलं. गुडघे असे की जमिनीवर बसला तर उचलायला दोन माणसं लागतील. मी ओळखलं नाही. त्याने गडग्यावरून मला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "गण्या, माजी गोटी दी."

साठ वर्षांनी भेटलेला माणूस. बरा आहेस का नाही, पोरंबाळं किती नाही. गोटी दे.

भिकूची मालवणी दुसरीतच थांबली होती. पुढे ती बोलायला आईशिवाय कोणी नव्हतं, आणि आई पोराशी बोलावं तसंच बोलत राहिली. त्यामुळे एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा बोलतो. बँकेतल्या बाईंना म्हणतो, "बाय गो, माका बेगीन सोड, माका भूक लागली." साहेबांनी सही जुळत नाही म्हणून परत पाठवला तर त्यांच्यापुढे करंगळी धरून "कट्टी" म्हणाला. साहेबांना राग आला की हसू, ते त्यांनाच माहीत. पण काम झालं.

तिथे तो काय करत होता हे वाडीला समजायला फार दिवस लागले. रघूच्या चहाच्या टपरीवर रोज चौकशी व्हायची.

"बर्फावर काय करत होतंस?" रघू विचारायचा.

"खेळत होतंय."

"आणि पगार?"

"खेळाचोच पगार."

"म्हंजे," रघू सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बर्फ म्हावऱ्यावर घालूचो सोडून हे त्येच्यावर नाचत होते."

भिकू रागावला नाही. त्याने बाकावर पेले मांडून दाखवलं. बर्फाचं मैदान. पायात पात्यांचे बूट, हातात काठी. एक काळी रबराची चकती, भाकरीपेक्षा पुष्कळ लहान पण दगडासारखी कडक. ती समोरच्यांच्या जाळ्यात मारायची. आपल्या जाळ्यापुढे आपला एक माणूस उभा असतो, त्याला राखायला मागच्या फळीत दोघे. भिकू त्यातला. पुढून माणसं सुसाट येतात आणि याने त्यांच्याकडे तोंड ठेवून उलटं पळत जायचं. पाठ फिरवली की चकती गेली.

"मगे तू गोल किती मारलंस?"

"गोल मारूक पुढचे आसत."

"मगे तुझा काम काय?"

"काय एक होता नये, ह्या माझा काम," भिकू म्हणाला.

रघूने कपाळावर हात मारला. "काय एक न करण्याचो पगार! अरे, त्येच्यासाठी कॅनडाक कित्याक गेलंस?"

पण भिकूचं ते खरंच होतं. सगळा जन्म त्याने काही होऊ दिलं नाही. अजून तेच विचारतो. होडी परत आली, कोणाची सून माहेरून आली, वाऱ्याने माड पडता पडता राहिला, भिकू विचारणार, "काय झाला नाय? मग बरा." वादळात आमच्या कौलांचं वाटोळं झालं तेव्हाही त्याने आधी माणसं बघितली आणि हेच म्हणाला. इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला फुटकं कौल दाखवलं. "ह्या काय, शेंगदाणे?"

त्याच्या नोकरीची हकिकत मला गडग्यावर बसून कळली. तिथल्या शाळेमागे तळं होतं, ते हिवाळ्यात गोठायचं. पोरं त्याला काळा म्हणून ढकलायची. एक दिवस त्याने परत ढकललं. ज्याला ढकललं तो पोरगा बऱ्याच लांब जाऊन थांबला, कारण बर्फावर माणूस लवकर थांबत नाही. ते मास्तरांनी बघितलं आणि भिकूला संघात घेतला.

मोठा झाल्यावर पगारावर खेळू लागला. हिवाळाभर बसने एका थंड गावातून दुसऱ्या थंड गावात. तिथे खेळाडू विकतात. आपल्याकडे बैल विकतात तसं, पण बैलाला आधी बाजारात तरी नेतात. भिकूला न्हाव्याच्या खुर्चीवरून उठवून विकला. अर्धं डोकं एका संघात असताना भादरलं, अर्धं दुसऱ्या संघात गेल्यावर. सगळ्यात वरच्या संघांत त्याला एकच हिवाळा मिळाला. मैदानात दिवेच दिवे, माणसंच माणसं.

मी विचारलं, "लोक तुझा नाव घेत होते?"

"माझा नाव लोकांनी घेतल्यानी म्हंजे माझी चूक झाली असा समज," तो म्हणाला.

मग त्याच्यापेक्षा चपळ एक पोरगा आला. भिकू खालच्या संघात, परत बसमध्ये. गुडघे बसेपर्यंत खेळला. मग बर्फ साफ करायच्या गाडीवर काम केलं. बायको तोवर सोडून गेली होती. मुलगी रीना आजीकडे वाढली. दात कुठल्या गावात पडले ते त्याला आठवत नाही. डोकं किती वेळा आपटलं विचारलं तर म्हणाला, "मोजणारा डोक्या पण ताच रे."

आमच्या घराशी त्याचं जमलं ते बुटांवरून. ते पात्यांचे बूट तो खोबरेल लावून गडग्यावर उन्हात ठेवायचा. खाऱ्या हवेने पातं गंजू नये म्हणून. एकदा आमच्या घरी पाव्हणे आलेले आणि इंदूच्या आडाळ्याचं, म्हणजे विळीचं, पातं खाचेतून निखळलं. सुरमई तशीच पडलेली. इंदूने गडग्याकडे बघितलं. एक बूट उचलून आणला, पातं वर करून दोन पायांमध्ये घट्ट धरला, आणि आडाळ्यावर कापावी तशी सुरमई कापायला बसली.

मी होडीवरून येतो तर हा प्रकार. मागून भिकू आला. मला वाटलं, आता कट्टीवर भागत नाही. एवढी वर्षं ज्यावर पोट भरलं त्या वस्तूवर माशाचं रक्त. भिकू गडग्यावर बसला. पूर्ण सुरमई कापून होईपर्यंत बसला.

"वैनी, धार बरी आसा?"

"धार बरी आसा. पण मधी ही पन्हळ कित्याक?" इंदूने पात्यावर बोट फिरवत विचारलं.

पात्याच्या कडेला मधोमध बारीक पन्हळ असते, त्यामुळे दोन बाजूंना दोन धारा होतात आणि बर्फात पकड बसते. भिकूने ते तिला समजावून सांगितलं. मग एवढा हसला की डोळ्यांतून पाणी. म्हणाला, इतकी वर्षं झाली, लोक मारामाऱ्यांचं विचारतात, दातांचं विचारतात, पन्हळीचं कोणी विचारलं नाही. त्या दिवसापासून तो दुपारी आमच्याकडे जेवायला. इंदू त्याला माशाचे काटे काढून द्यायची. मला कधी दिले नाहीत. म्हणायची, "तुका दात आसत."

लोक हसायचे थांबले ते रापणीला. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढतात. दोर धरायचा, तोंड समुद्राकडे आणि पाय मागे, वाळूत रुतत रुतत. तरणी पोरंसुद्धा मागच्यावर आपटतात. भिकूने दोर धरला आणि गुडघे वाकवून मागे निघाला. त्याच्याबरोबर सगळी ओळ निघाली. वर माडापर्यंत गेला तरी एकदा मागे बघितलं नाही. रघू त्या दिवशी चहाचे पैसे घेईना.

गेल्या पावसाच्या आधी इंदू गेली. ताप आला, कुडाळला नेली, आणली ती तशीच. यावर मला जास्त लिहायचं नाही.

लोक भेटायला येऊ लागले. लोक चांगले असतात, पण येतात आणि विचारतात, "आता तुमचा कसा होतला?" मला काय माहीत कसं होणार! मसुऱ्याचा आमचा एक लांबचा नातेवाईक आहे, तो हे विचारून स्वतःच मोठ्याने रडतो आणि मग आपण त्याला पाणी द्यायचं. तो दुसऱ्यांदा येताना दिसला तेव्हा भिकू उठला आणि गडग्याच्या वाटेत उभा राहिला.

"आत जावक मिळायचा नाय."

"अरे, मी नात्यातलो!"

"नात्यातलो तर थंयसून रड."

तो डावीकडून आला, भिकू डावीकडे. तो उजवीकडून आला, भिकू उजवीकडे. तो खळ्यात, घरापुढच्या अंगणात, घुसला तेव्हा भिकू त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे येत माझ्या दारात येऊन ठाकला. त्याची पाठ माझ्याकडे. तेवढ्या रुंद पाठीमागे मी बसलेलो, मला काही दिसेना. नातेवाईक उभ्या उभ्या रडून गेला. सुतकाच्या घरात बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. त्यानंतरचे किती दिवस तो असाच दारात, माझ्याकडे पाठ करून. मला आधी वाटलं, तोंड बघायला नको म्हणून. मग समजलं, ज्याला राखायचं त्याच्याकडे हा पाठच करतो. त्या दिवसांत मात्र त्याने "काय झाला नाय?" असं एकदाही विचारलं नाही.

पाऊस संपला आणि भिकू विसरायला लागला. आधी थोडं. एका पायात एका जोडीची चप्पल, दुसऱ्यात दुसऱ्या जोडीची. मग एकदा बर्फाच्या कारखान्यात सापडला, लाद्यांपुढे बसून राहिलेला, घर कुठे ते आठवेना. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला जे मार बसले त्याचं आहे, वाढत जाणार. भिकूने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणालो?"

मग एका दुपारी जेवायला आला आणि म्हणाला, "वैनी खंय?"

मला खोटं बोलायला जमत नाही. मी म्हटलं, "मेली ती. तूच खांदो दिलंस."

भिकू पायरीवर बसला आणि रडला. पुढल्या आठवड्यात परत विचारलं. मी परत तेच सांगितलं, तो परत तसाच रडला, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मला दुसरं काय बोलावं ते येत नव्हतं.

रीना दर रविवारी मला फोन करायची. आजीकडून शिकलेली मालवणी, अडखळत बोलते पण बोलते. "काकानू, बाबा बरो आसा?" भिकूला हे माहीत होतं. एकदा गडग्यावरून माझा हात धरला.

"गण्या, तिका सांगू नको. सांगलंस तर माका व्हरतली. थंय खोलीत ठेवतली. खिडकीभायर बर्फ. माका बर्फ आता सोसणा नाय रे. हय माका गडगो गावता. गडग्याक हात लावून चललंय की तुझा घर येता."

"इचारल्यान तर सांगतलंय," मी म्हटलं. "माका खोटा बोलूक येणा नाय."

"मगे फोन उचलू नको."

हे मला जमण्यासारखं होतं. मी फोन उचलणं बंद केलं. झालं काय, तर रीनाला वाटलं आम्ही दोघेही मेलो. तिने विमान पकडलं आणि आली.

उंच पोरगी, बापाचे खांदे, आजीचं तोंड. आल्या आल्या आत जाऊन इंदूच्या फोटोला हात जोडले, फोटोला हार होता तो सरळ केला. मग माझ्यापुढे बसली. "काकानू, माज्याकडे परतीची दोन तिकिटां आसत. एक बाबाचा. तो एकटो रवाक शकता काय, ता बघूक इलंय." मला हे आवडलं. सरळ बोलणारं माणूस.

भिकूने त्या परीक्षेची तयारी मोठ्या सामन्यासारखी केली. सकाळी गडग्याशी मी विचारायचो, तो सांगायचा. आज वार कुठला. पंतप्रधान कोण. सरपंच कोण विचारलं तर त्याने आम्ही दुसरीत होतो तेव्हाच्या सरपंचांचं नाव सांगितलं. मी म्हटलं, चालेल, तिला तरी कुठे माहीत आहे.

आणि चांगला खेळला, खोटं कशाला सांगू. रीना काहीबाही विचारायची, तो बरोबर सांगायचा. चपला जोडीने. बाजारातून सांगितलं तेच आणायचा. रात्री अंथरुणावर पडला की दमलेला असायचा, दोर ओढून आल्यासारखा. रीना मला काही विचारत नव्हती. माझ्याकडे बघायची फक्त. मी दुसरीकडे बघायचो.

तिला जायचं त्याच्या आदल्या दुपारी माझ्याकडे जेवण ठेवलं. भात आणि बांगड्यांचं तिखलं मीच केलं. इंदूचं बघून बघून जेवढं शिकलो तेवढं. रीना हाताने जेवत होती, काटे नीट काढत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तू बरो दिसतंस. माका वाटलेला त्यापेक्षा बरो."

भिकूने माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. "काय झाला नाय? मग बरा."

मग त्याने पहिला घास घेतला. थांबला. परत चव घेतली.

"ह्या वैनीन केलला नाय," म्हणाला. "गण्या, वैनी खंय?"

रीनाचा हात ताटातच राहिला. तिने समोर भिंतीकडे बघितलं. फोटो तिथेच होता, तिने सरळ केलेला हार त्याच्यावर. मग तिने माझ्याकडे बघितलं. हेच विचारायला ती एवढ्या लांबून आली होती आणि आता विचारायचं काही उरलंच नव्हतं. भिकू तिच्या तोंडाकडे बघायचा, मग माझ्या. काहीतरी निसटलं हे त्याला कळलं होतं. काय निसटलं ते कळत नव्हतं. त्याचे हात पुढे आले, गुडघे वाकल्यासारखे झाले, पण अंगावर काय येतंय तेच दिसत नसेल तर माणूस मागे तरी कुठे जाणार.

"बाजारात गेली," मी म्हटलं. "आता येतली."

माझ्या तोंडून हे कसं आलं ते मला सांगता येणार नाही. आलं आणि ऐकायला बरं वाटलं.

रीनाने ताटातला हात उचलून मांडीवर ठेवला.

"मगे रवया," ती म्हणाली. "काकी येवंदे. मगे जेवया."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. एक तिकीट फुकट गेलं. रविवारचा फोन आता मी उचलतो आणि ती भिकूबद्दल विचारते ते सगळं जसंच्या तसं सांगतो. तो रात्री आता माझ्याकडेच झोपतो. पण हे नंतरचं.

त्या दुपारी आम्ही तिघे ताटांपुढे बसलो होतो. हात वाळत होते, तिखलं निवत होतं. बाजार उठला तशा मासे विकून बायका परत येऊ लागल्या, रिकाम्या टोपल्या काखेला लावून, मोठमोठ्याने बोलत. भिकू एकेकीकडे निरखून बघत होता. रीनाही वळून बसली. एक गेली, दुसरी गेली, तिघी एकदम गेल्या. एका हिरव्या लुगड्याला तर मी अर्धा उठलोच.

मग वाट रिकामी झाली. कोणाची वाट बघतोय ते भिकू विसरला आणि पुढ्यातलं जेवू लागला. रीनाने डोळे पुसले आणि त्याच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून दिले. मला म्हणाली, "काकानू, जेवा."

मी म्हटलं, "जेवतंय, जरा रव," आणि बसून राहिलो, तोंड वाटेकडे ठेवून.